डे एन्डला साडेतीन तास लागतात: नवा सर्व्हर घेण्याआधी काय तपासायचं

दारव्ह्याकडच्या एका पतसंस्थेत संगणकाचं काम पाहणाऱ्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या सहा शाखा, साधारण ४०,००० खाती, व्यवहारांच्या टेबलात ३० लाखांच्या आसपास नोंदी. मुख्य कार्यालयात एकच सर्व्हर: चार कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन मिरर केलेल्या (एकीवरचं सगळं दुसरीवरही ठेवणाऱ्या) हार्ड डिस्क, आणि वर एसक्यूएल सर्व्हर २०१४ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. दोन वर्षांपूर्वी डे एन्ड (दिवसाचे व्यवहार मिटवून हिशेब बंद करण्याचं रोजचं काम) ३५-४० मिनिटांत व्हायचा. दिवाळीपर्यंत तो सव्वा तासावर गेला आणि संक्रांतीपासून साडेतीन तास लागतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १२-१३ टक्क्यांच्या वर जात नाही. सॉफ्टवेअर कंपनी म्हणते, ६४ जीबी रॅमचा नवा सर्व्हर घ्या. संचालक विचारतात, एवढा पैसा टाकल्यावर फरक पडेल याची खात्री काय? आणि मार्चअखेर तोंडावर आहे.

भाऊ, तुमच्या संचालकांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, कंपनीकडेही नाही. कारण साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं कुठं जातात हे अजून कोणी मोजलेलं नाही. सर्व्हर जुना झाला का, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की त्या २१० मिनिटांत मशीन किती वेळ खरंच हिशेब करते आणि किती वेळ कशाची तरी वाट पाहत बसते. वाट पाहत असेल तर कशाची: डिस्कची, दुसऱ्या कोणाच्या लॉकची (म्हणजे कोणी अडवून धरलेली नोंद सुटण्याची), की नेटवर्कची? हे कळल्याशिवाय घेतलेली वस्तू लागू पडली तर नशीब म्हणायचं.

साधा हिशेब करून पाहा. समजा २१० पैकी फक्त २० मिनिटं प्रोसेसरवर जातात. तुम्ही तिप्पट वेगाचा प्रोसेसर आणला. त्या २० मिनिटांची सात झाली, म्हणजे डे एन्ड २१० चा १९७ वर आला. पैसे गेले आणि रात्री कर्मचारी तेवढेच उशिरा घरी गेले. हा नियम संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडला तेव्हा विषय अनेक प्रोसेसरांनी मिळून काम करण्याचा होता, पण पतसंस्थेच्या डे एन्डलाही तो तंतोतंत लागू पडतो. ज्या भागात वेळ जातच नाही, तो भाग कितीही वेगवान केला तरी उपयोग नाही.

मी अमरावती, यवतमाळ, वाशिम या पट्ट्यात पतसंस्था, बाजार समित्या आणि जिनिंगचे सर्व्हर पाहतो. लोकांची पहिली तक्रार जवळपास सारखीच असते: "भाऊ, मशीन चालून राहिली, पण काम काही होऊन नाही राहिलं." अशा वेळी मी सगळ्यात आधी एक कागद घेतो आणि त्यावर जुन्या वेळा लिहून काढतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डे एन्ड सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ कुठंतरी साठत असेलच. नसेल तर डे एन्डनंतर आपोआप होणाऱ्या बॅकअप फाइलची वेळ पाहा. महिन्यातला एक दिवस धरून दोन वर्षांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की आजाराची जात कळते. वेळ हळूहळू वाढली असेल तर कारण बहुतेक डेटात आणि क्वेरीत (प्रोग्राम डेटाबेसला विचारतो त्या प्रश्नात) असतं. एका रात्रीत उडी मारली असेल तर त्या दिवशी काहीतरी बदललं: डिस्क खराब झाली, अँटीव्हायरस बदलला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढली, बॅकअपची वेळ पुढेमागे झाली.

तुमच्या सांगण्यात दोन्ही दिसतं. आधी हळूहळू चढ आणि मग संक्रांतीच्या सुमाराला एकदम उसळी. त्यावरून माझा एक संशय आहे, तो सविस्तर सांगतो. पण संशयच आहे हे लक्षात ठेवा, मोजमाप झाल्याशिवाय त्यावर खर्च करू नका.

एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची एक्सप्रेस आवृत्ती डेटा मेमरीत धरून ठेवण्यासाठी फक्त १ जीबी रॅम वापरते. मशीनमध्ये १६ जीबी असो की ६४, ती तिच्या १ जीबीच्या पुढे जात नाही. प्रोसेसरचंही तसंच, एक सॉकेट किंवा चार कोर, यातलं जे कमी असेल तेवढंच. आता तुमचं व्यवहारांचं टेबल समजा दोन वर्षांपूर्वी ६०० एमबीचं होतं. ते पूर्ण मेमरीत मावायचं. डे एन्डमधली एखादी क्वेरी ते पूर्ण टेबल पुन्हा पुन्हा वाचत असली तरी वाचन मेमरीतून व्हायचं, म्हणून चालून जायचं. टेबल वाढत गेलं तसा वेळ हळूहळू वाढला. ज्या दिवशी ते १ जीबीच्या वर गेलं, त्या दिवसापासून चित्र पालटलं. डेटाबेस टेबल पानापानांत साठवतो, आणि शेवटची पानं मेमरीत आणायला सुरुवातीची पानं बाहेर टाकावी लागतात. पुढच्या फेरीत सुरुवातीची पानं पुन्हा लागतात, ती डिस्कवरून आणायची आणि त्यांच्यासाठी दुसरी बाहेर टाकायची. म्हणजे जवळपास प्रत्येक फेरी डिस्कवरून. टेबल थोडंसंच वाढलं, पण वेळ दुप्पट-तिप्पट झाला. आधी चढ आणि मग उसळी, ही खूण या दुखण्याशी जुळते.

हे खरं निघालं तर ६४ जीबी रॅमनं काय होईल? एक्सप्रेस आवृत्ती तीच राहिली तर त्या वाढीव रॅमचा डेटाबेसला थेट फायदा जवळपास शून्य. नव्या सर्व्हरमध्ये एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असेल तर तिच्यामुळे वेळ नक्की कमी होईल, आणि सगळे म्हणतील रॅमनं काम केलं. मग तेवढ्यासाठी आहे त्याच मशीनला एसएसडी लावता आली असती.

आता मोजायचं कसं ते सांगतो. डे एन्ड चालू असताना दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या.

पहिली विंडोजचा रिसोर्स मॉनिटर. त्यात डिस्कच्या पानावर प्रत्येक फाइलसमोर रिस्पॉन्स टाइम मिलिसेकंदांत दिसतो. डेटाबेसची फाइल शोधा. हा आकडा १० च्या आत असेल तर डिस्क सुखात आहे. सतत २०-२५ च्या वर असेल तर डिस्कवर रांग लागलेली आहे. शेकड्यांत गेला तर डिस्क आजारी आहे का हे आधी पाहायचं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. इकडून तिकडून विखुरलेली वाचनं असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच विनंत्या पुऱ्या करू शकते. साधी साटा एसएसडी तेच काम हजारोंच्या संख्येत करते.

याच खिडकीत सीपीयूकडेही नीट पाहा. तुम्ही लिहिलंय १२-१३ टक्के, आणि त्यावरून प्रोसेसर मोकळा आहे असा अर्थ काढलाय. तो अर्थ बरोबर असेलच असं नाही. चार कोरच्या प्रोसेसरला विंडोज बहुतेक वेळा आठ धरते. आठापैकी एक पूर्ण भरला तर टास्क मॅनेजरमध्ये दिसणार साडेबारा टक्के! डे एन्डचा प्रोग्राम एका वेळी एकच खातं घेऊन चालत असेल तर तो एकाच कोरवर चालतो, बाकीचे बसून राहतात. म्हणून आकडा साडेबाराला चिकटून सरळ रेषेत चालला असेल तर एक कोर जीव तोडून काम करतोय. आकडा २ ते १५ मध्ये वरखाली नाचत असेल तर तो मध्येमध्ये कशाची तरी वाट पाहतोय. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

दुसरी खिडकी मॅनेजमेंट स्टुडिओची, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर आतून पाहण्याच्या साधनाची. ते फुकट मिळतं. त्यात ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि डे एन्डच्या ओळीसमोर वेट टाइपच्या (कशाची वाट पाहणं चालू आहे त्याच्या) रकान्यात काय लिहून येतं ते दर पाच-दहा मिनिटांनी वहीत उतरवा. वेळ, वेट टाइप आणि पडद्यावर डे एन्डची कोणती पायरी चालू आहे, एवढंच. रात्रीच्या शेवटी वही सांगते की मशीन कुठं अडकून राहते. महागड्या साधनांची गरज यापुढे फार क्वचित पडते.

वहीत पेज-आयओ-लॅच जास्त वेळा आलं तर क्वेरी डेटा डिस्कवरून येण्याची वाट पाहतेय. माझा वरचा संशय खरा असेल तर तुमच्या वहीत हेच भरलेलं दिसेल.

राइटलॉग जास्त आलं तर लिहिण्याचा प्रश्न आहे. अनेक डे एन्ड प्रोग्राम प्रत्येक खात्याला दोन-तीनदा कमिट करतात, म्हणजे झालेला बदल पक्का करतात. प्रत्येक कमिटला लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर पक्का लिहिला गेल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. ४०,००० खाती, प्रत्येकी तीन कमिट, म्हणजे १,२०,००० वेळा थांबायचं. दर वेळी डिस्कचा एक फेरा धरला तरी नुसत्या थांबण्यात १६-१७ मिनिटं गेली. चांगल्या सर्व्हरमध्ये रेड कंट्रोलरला (डिस्कची जोडी सांभाळणाऱ्या कार्डाला) स्वतःची थोडी मेमरी आणि ती राखणारी बॅटरी असते, त्यामुळे हे लिहिणं लगेच पुरं होतं. बॅटरी मेली की बरेच कंट्रोलर ती सोय आपोआप बंद करतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. ज्या गावात दिवसातून चारदा लाइट जाते तिथं ही बॅटरी पाहायलाच हवी. यावरचा खरा इलाज मात्र प्रोग्राममध्ये आहे: शंभर-दोनशे खात्यांनंतर एकदा कमिट. ते काम कंपनीचं.

एल-सी-के ने सुरू होणारं काही आलं तर कोणीतरी लॉक धरून बसलंय. शेजारच्या रकान्यात कोणत्या सेशननं अडवलंय त्याचा नंबर दिसतो आणि त्यावरून मशीनचं नाव कळतं. बहुतेक वेळा शाखेत कोणीतरी व्हाउचरचा पडदा अर्धवट सोडून घरी गेलेला असतो, किंवा पिग्मी एजंटच्या मशीनमधून कलेक्शन चढवणं मध्येच अडकलेलं असतं. यावर उपाय शिस्तीचा आहे. डे एन्डआधी सगळ्या शाखांना लॉगआउट करायला लावायचं, फोन करून खात्री करायची. सॉफ्टवेअरमध्ये शाखा बंद केल्याशिवाय डे एन्ड सुरूच होऊ नये अशी सोय असेल तर ती चालू करून घ्या.

एसिंक-नेटवर्क-आयओ दिसलं तर डेटाबेसनं डेटा देऊ केलाय, पण घेणारा प्रोग्राम सावकाश घेतोय. डे एन्ड शाखेतल्या किंवा दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावरून चालवत असाल तर तो सर्व्हरवर बसूनच चालवून पाहा.

आता क्वेरीबद्दल, कारण माझ्या अनुभवात अशा दुखण्याचं मूळ सगळ्यात जास्त वेळा इथंच सापडतं. समजा एका खात्याचं व्याज काढायला कारकुनानं पूर्ण वर्षाची रोजकीर्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, आणि पुढच्या खात्यासाठी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी. इंडेक्स नसेल किंवा असून वापरला जात नसेल तर डेटाबेस अगदी हेच करतो. ४०,००० खाती गुणिले ३० लाख नोंदी म्हणजे १२,००० कोटी नोंदी चाळायच्या. कोणत्याही सर्व्हरला हे जड जाणार. खाते क्रमांक आणि तारीख यांवर योग्य इंडेक्स असेल तर खतावणीचं नेमकं पान उघडल्यासारखं त्या खात्याच्या सरासरी पाऊणशे नोंदीच वाचल्या जातात.

"इंडेक्स तर आहे" असं कंपनी सांगेल, आणि ते खरंही असेल. वाशिमकडच्या एका संस्थेत असंच होतं. खाते क्रमांकात शाखा, योजना आणि पुढची शून्यं असल्यामुळे तो आकड्याऐवजी अक्षरांच्या रूपात साठवला होता. टेबलात तो रकाना व्हारचार प्रकारचा, आणि प्रोग्राम मात्र खाते क्रमांक एनव्हारचार प्रकारात पाठवत होता. दोन्ही अक्षरं साठवण्याचेच प्रकार, डोळ्यांना सारखेच दिसतात. पण प्रकार वेगळे असल्यानं डेटाबेस टेबलातला प्रत्येक खाते क्रमांक आधी एनव्हारचारमध्ये बदलून घेत होता आणि मग तुलना करत होता. त्यामुळे इंडेक्स असूनही पूर्ण चाळला जात होता. क्वेरीचा एक्झिक्यूशन प्लॅन (ती कोणत्या पायऱ्यांनी चालते त्याचा आराखडा) काढल्यावर त्यात छोटा पिवळा त्रिकोण दिसला, आणि त्यावर माउस नेल्यावर कन्व्हर्ट-इम्प्लिसिट असा इशारा. कंपनीनं प्रोग्राममध्ये त्या एका पॅरामीटरचा प्रकार बदलला आणि तासांचं काम मिनिटांवर आलं. डिस्क तीच, रॅम तीच.

असाच दुसरा नेहमीचा दोष म्हणजे अटीत तारखेवर फंक्शन लावणं. तारखेतून वर्ष काढून ते २०२५ आहे का असं विचारलं की तारखेवरचा इंडेक्स नीट कामी येत नाही. एक जानेवारीपासून पुढं आणि पुढच्या एक जानेवारीच्या आत, अशी अट लिहिली की येतो. उत्तर तेच, वाट वेगळी.

तिसरं, स्टॅटिस्टिक्स. टेबलात कोणती मूल्यं किती आहेत याचा अंदाज डेटाबेस ठेवतो आणि त्यावरून क्वेरी कशी चालवायची ते ठरवतो. २०१४ पर्यंतच्या नियमानुसार मोठ्या टेबलातल्या २० टक्के आणि वर ५०० नोंदी बदलल्याशिवाय हा अंदाज आपोआप ताजा होत नाही. ३० लाखांच्या टेबलात त्यासाठी ६,००,५०० बदल व्हावे लागतात. डे एन्ड तर नेहमी आजच्याच तारखेबद्दल विचारतो, आणि शिळ्या अंदाजात आजची तारीखच नसते. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी, स्टॅटिस्टिक्स अपडेट करून घ्या. याला पैसा लागत नाही, हिशेबातला एक पैसाही इकडचा तिकडं होत नाही, आणि कधीकधी एवढ्यानंच काम भागतं. २०१६ पासून हा नियम सुधारला आहे, तिथं ३० लाखांच्या टेबलाला साधारण ५५,००० बदल पुरतात.

एक गोष्ट मात्र करू नका: डेटाबेस श्रिंक. "फाइल लहान करा म्हणजे वेग येईल" असं सांगणारे बरेच भेटतात. श्रिंक केल्यानं आतली पानं इकडची तिकडं होऊन इंडेक्स विस्कटतात, आणि दोन महिन्यांत फाइल पुन्हा वाढते. त्या वाढीलाही वेळ लागतो. २०१४ मध्ये डेटा फाइल मूळ सेटिंगनुसार एका वेळी फक्त १ एमबी वाढते. म्हणजे डे एन्डच्या मध्येच पुन्हा पुन्हा थांबून १-१ एमबी जागा मागणं चालू. हे सेटिंग बदलून १२८ किंवा २५६ एमबी करा.

फाइलच्या आकाराचा विषय निघालाच आहे तर आजच्या आज एक पाहून घ्या. एक्सप्रेस २०१४ मध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलींना १० जीबीची मर्यादा आहे. लॉग फाइल त्यात धरत नाहीत. तुमचा डेटाबेस नऊ-साडेनऊ जीबीवर आला असेल तर वेगाचा प्रश्न बाजूला ठेवा. कारण मर्यादा गाठली आणि आतली मोकळी जागा संपली की नव्या नोंदी घेणंच बंद होतं, आणि ते नेमकं मार्चअखेरच्या गर्दीत व्हायची शक्यता जास्त.

आपल्या भागातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसलेल्या सपोर्टवाल्याच्या त्या डोक्यात येत नाहीत. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत सर्व्हर असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-प्रोसेसर-पॉवरचा ३७ नंबरचा इव्हेंट दिसला तर प्रोसेसरला खालून आवर घातला जातोय असं समजा. जिनिंगमध्ये तर कापसाचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकवर गोधडीसारखे बसतात, ते ब्लोअरनं काढल्यावर मशीन ताजी होते. खोलीत कूलर लावला असेल तर त्याची ओली हवा थेट सर्व्हरवर येऊ देऊ नका. विंडोजचा पॉवर प्लॅन बॅलन्स्डवर असेल तर हाय परफॉर्मन्सवर ठेवा.

लाइटच्या लपंडावानं डिस्कही मरतात. मिरर जोडीतली एक डिस्क आजारी पडली तरी काम चालू राहतं, पण प्रत्येक लिहिणं दोन्हीकडे पुरं व्हावं लागतं, त्यामुळे आजारी डिस्क निरोगीलाही मागं ओढते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ आणि १५३ हे डिस्कचे इव्हेंट शोधा. एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ८३३ नंबरचा संदेश शोधा, तो डिस्ककडून १५ सेकंदांहून जास्त वेळ उत्तर न आल्यावर येतो. यातलं काही सापडलं तर बाकी सगळं थांबवून आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का पाहा, आणि डिस्क बदला.

अँटीव्हायरसमध्ये डेटाबेसच्या डेटा, लॉग आणि बॅकअप फाइली वगळलेल्या आहेत का तेही पाहा. आणि संध्याकाळी डे एन्डच्याच वेळी कोणी पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर बॅकअप पाठवत नाही ना, हे विचारा. दोन्ही गोष्टी अगदी साध्या आहेत, पण मला त्या वारंवार सापडतात.

इथवर जे आलं त्यावरून क्रम असा लागतो: जुन्या वेळांचा कागद, मग डेटाबेसचा आकार आणि डिस्कची तब्येत, मग दोन-तीन रात्री वेट टाइपची वही, आणि वहीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी जी पायरी निघेल तिची क्वेरी.

सुधारणा करताना थेट चालू डेटाबेसवर प्रयोग करू नका. काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर एक्सप्रेस आवृत्तीतच उघडा आणि तिथं डे एन्ड चालवा. एका वेळी एकच बदल करा आणि वेळ लिहा. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानं गुण आला हे कळत नाही. नुसत्या इंडेक्सनं व्याजाचे आकडे बदलत नाहीत, तरीही तेरीज आधीची आणि नंतरची जुळवून पाहाच. संस्थेचा पैसा म्हणजे लोकांचा घाम आहे, त्यात अंदाजानं चालत नाही. आणि इंडेक्स टाकायच्या आधी कंपनीला लेखी कळवा, करारात डेटाबेसला हात लावण्याबद्दल अट असू शकते.

कंपनीशी बोलताना "डे एन्ड हळू आहे" एवढंच सांगितलं तर उत्तर "सर्व्हर बदला" असंच येणार. त्याऐवजी लिहा की व्याज आकारणीच्या पायरीला २१० पैकी इतकी मिनिटं लागतात, त्या वेळात बहुतेक वेळा पेज-आयओ-लॅच दिसतं, क्वेरी ही आहे, प्लॅन सोबत जोडला आहे, आणि व्यवहारांच्या टेबलाचा आकार इतका आहे. असं पत्र गेलं की प्रश्न फोन उचलणाऱ्या माणसाकडून प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे जातो, आणि तिथं तो सुटू शकतो.

आता खर्चाकडे. क्वेरी आणि इंडेक्स नीट झाल्यावरही वेळ जास्त वाटला तर पहिला खर्च एसएसडीचा. दोन घ्या, मिरर करा, आणि लाइट गेल्यावर आतला डेटा राखणाऱ्या, सर्व्हरसाठी बनवलेल्याच घ्या. सोबत यूपीएसची बॅटरी बदला. दुसरं, एक्सप्रेसचीच नवी आवृत्ती. २०१४ ला मायक्रोसॉफ्टचा आधार ९ जुलै २०२४ ला संपला, म्हणजे पैसे ठेवण्याच्या संस्थेत ती चालवणं सुरक्षेच्या दृष्टीनंही बरं नाही. २०१६ पासून पुढच्या एक्सप्रेसला डेटासाठी १,४१० एमबी मेमरी मिळते, आणि २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून टेबल कॉम्प्रेस करण्याची सोय एक्सप्रेसमध्येही आली. कॉम्प्रेस केल्यावर तेवढ्याच मेमरीत जास्त नोंदी मावतात आणि डेटाबेसच्या आकाराच्या मर्यादेतही श्वास घ्यायला जागा मिळते. मात्र तुमचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालतं का, हे कंपनीनं आधी लेखी सांगायला हवं. स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना आणि मोठी रॅम हा विचार त्यानंतरचा. खाती वाढत राहिली तर एक दिवस तो करावा लागेलही. पण तेव्हा रॅम आणि परवाना दोन्ही सोबत घ्यायचे, नुसती रॅम नाही.

मार्चअखेरबद्दल शेवटचं. ३१ मार्चच्या रात्री नेहमीच्या डे एन्डसोबत व्याजाची तरतूद, कर्जांचं वर्गीकरण, वर्षअखेरीच्या नोंदी, सगळं येतं. ज्या मशीनला साध्या दिवशी साडेतीन तास लागतात तिला त्या रात्री किती लागतील याचा अंदाज बांधत बसू नका. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बॅकअपच्या प्रतीवर वर्षअखेर एकदा पूर्ण चालवून पाहा. किती वेळ लागतो ते कळेल आणि कुठं अडतं तेही. त्या रात्री काम सुरू असताना उशीर झाला म्हणून कोणी सर्व्हर बंद करणार नाही, हे सगळ्यांना आधी बजावून ठेवा. मध्येच तोडलं तर डेटाबेस झालेलं काम उलटं फिरवतो. त्याला तितकाच, कधी जास्तही वेळ लागतो, आणि तोपर्यंत सकाळी काउंटर उघडता येत नाही. स्टॅटिस्टिक्स आदल्या रविवारी अपडेट करा, काम सुरू करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, यूपीएससोबत जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते पाहा, आणि एक माणूस वही घेऊन बसवा. वेट टाइपची ती पानं आणि क्वेरीचा प्लॅन मला पाठवलात तर नेमकं कुठं हात घालायचा ते मी सांगू शकेन.